धागा : १/१४४ एअरबसला पितळी सुटे भाग – काय लावायचं, काय डबीतच ठेवायचं?

मेहरूणकाठ (जळगाव)
१२ मे, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

झ्वेझ्दा कंपनीचं ए-३२०निओचं प्लास्टिक मॉडेल-किट घेतलंय, १/१४४ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १४४ पट लहान. इंडिगोच्या निळ्यात रंगवायचंय. याआधीची दोन प्रवासी विमानं खोक्यातून निघाली तशीच जोडली होती. कपाटात बरी दिसतात, पण शेजारी खऱ्या विमानाचा फोटो ठेवला की आपलं खेळणं वाटतं. म्हणून यावेळी पितळी पत्र्यातले फोटो-एच (रसायनाने कोरलेले) भाग मागवले. किटला जेवढे मोजले त्याच्या थोडेच कमी या सेटला गेले. घरी आकडा सांगितलेला नाही, कृपया कोणी सांगू पण नका.

पाकीट उघडलं तर आत पत्त्याच्या पानाएवढी चौकट आणि तिच्यात साठ-सत्तर भाग. वायपर, अँटेना, वेग मोजायचे पिटो, चाकांच्या खणातल्या बरगड्या, दारांच्या बिजागऱ्या, आणि काही असे की भिंग लावूनही कळेना ते कशाचे.

काल पहिला भाग कापला. पाठीवरची अँटेना, जेमतेम दोन मिलिमीटर. ब्लेड दाबलं, 'टिक' असा आवाज झाला, आणि अँटेना गेली. समोर कूलर फुल स्पीडवर. बाहेर ४४ अंश, तो बंद कसा करणार? अर्धा तास मोबाईलची बत्ती घेऊन फरशीवर रांगलो. आई म्हणाली, कानातलं पडलं का कोणाचं? सापडली नाहीच.

तर प्रश्न असे. एक, हे कापायचं-वाकवायचं कसं. दोन, सगळं लावण्यात अर्थ आहे का. तीन, हरवलेल्या अँटेनाचं काय करू.

रुळावरचा फिटर (भुसावळ)
१२ मे, रात्री १०.५२

आते कूलर बंद करानं, मंग काम करानं भो. दुसरा इलाज नाही.

कापताना भाग कधीच मोकळा ठेवायचा नाही. खाली कडाप्प्याचा नाहीतर काचेचा तुकडा घ्या. तुमची हिरवी रबरी मॅट दबते, त्यामुळे पत्रा आधी वाकतो आणि मग तुटून उडतो. भागावर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि पट्टीसकट कापा. ब्लेड गोलाई असलेलं, वरून दाबून, करवतीसारखं ओढून नाही. उरलेलं टोक बारीक कानशीने काढा, एकाच दिशेने.

वाकवायच्या भागांना आधी ताव द्या. ज्योतीवर धरा, लाल झालं की काढा. पण पाण्यात बुडवू नका हां, कडक होईल. हवेतच थंड होऊ द्या. ३१ वर्षं शेडमध्ये काढलीत, ताव कशाला म्हणतात ते माहीत आहे.

सराफकट्टा (जळगाव)
१२ मे, रात्री ११.३०

फिटर काका, पाया पडून सांगतो, ते पोलादाचं झालं. पितळेला उलटा न्याय. पितळ तापवून पाण्यात टाका नाहीतर पाटावर ठेवून द्या, मऊच होतं. ते कडक होतं ठोकून आणि वाकवून. आमच्याकडे तार ओढताना दर दोन-तीन ओढींनंतर तापवतो, टाकीत विझवतो आणि पुन्हा ओढतो. न तापवता ओढत राहिलं तर तुटते.

मेहरूणकाठ भाऊ, तुमचा पत्रा ०.१ किंवा ०.१५ मिमीचा असणार. त्याला गॅसची शेगडी नको, मेणबत्ती पुरे. खोलीत अंधार करा, चिमट्यात भाग धरा आणि ज्योतीच्या कडेवरून न्या. मंद लाली दिसली की लगेच बाहेर. पितळ मऊ व्हायला ४५० ते ६०० अंश खूप होतात. नऊशेच्या वर गेलं की वितळतं, आणि एवढा पातळ पत्रा तिथवर पोचायला वेळ घेत नाही, डोळ्यांदेखत गोळी होते. माझ्याकडून झालीय, तीही गिऱ्हाइकाच्या मालाची.

आणि सगळंच तापवू नका. ज्याला गोलाई द्यायची तेवढंच. अँटेना तापवली तर ती मऊ पडेल आणि पुसताना फडकं लागलं की आडवी होईल. तिला पत्र्याचा मूळचा ताठपणाच हवा.

तापवल्यावर काळं पडेल. थोड्या चिंचेच्या कोळात दहा मिनिटं ठेवा, मग साबणाचं पाणी, मग कोरडं. देवाची भांडी घासतात तसंच. तेलकटपणाही जातो. त्यानंतर बोट लावायचं नाही, धातूचा प्रायमर मारायचा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

भाग उचलायला चिमटा वापरूच नका, चिमट्यातून निसटला की बंदुकीची गोळी. आम्ही खडे उचलतो तसं करा. काडीच्या टोकाला मेणाचा बारका गोळा. टेकवला की भाग चिकटतो, जागेवर ठेवला की सुटतो.

नंदुरबारी मिरची
१३ मे, सकाळी ७.०५

विमानाच्या धाग्यावर सोनार आणि रेल्वे. आता फक्त केळीवाल्यांची कमी आहे.

अमळनेरी (सध्या मुंबई)
१३ मे, दुपारी २.२०

मी याच विमानांच्या देखभालीत काम करतो, म्हणून दोन गोष्टी. पहिली वाचून वाईट वाटेल.

मेहरूणकाठ, तुमच्या सेटमधले किती भाग चाकांच्या खणातले आहेत ते मोजा. निम्मे असतील. आता सांगा, स्टँडवर उभं असलेलं ए-३२० खालून बघितलंय कधी? मुख्य चाकांची मोठी दारं बंद असतात. चाकं खाली येताना दारं उघडतात, चाकं लॉक झाली की पुन्हा मिटतात. पायाला जोडलेली दारं तेवढी पायाबरोबर बाहेर राहतात. पुढच्या चाकाचंही तसंच. पुढची मोठी दोन दारं मिटलेली, मागची छोटी उघडी. खण उघडा दिसतो तो आम्ही आत डोकं घालून काम करत असतो तेव्हा.

किटवाले दारं वेगळी देतात आणि सूचनापत्रात उघडी दाखवतात, म्हणून निम्म्या जगाची मॉडेलं कायमची दुरुस्तीला आलेली दिसतात. दारं मिटवून बसवा. त्या बरगड्या, त्या बिजागऱ्या, काही लागणार नाही. उलट दारं नीट बसवायला जास्त कष्ट आहेत, कारण किटची दारं उघडी ठेवायच्या हिशेबाने कापलेली असतात, बंद केली की फट राहते. तिथे वेळ घाला.

दुसरी गोष्ट इंजिनाची. ए-३२०निओला दोन वेगळी इंजिनं येतात, प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू११००जी आणि सीएफएमचं लीप-१ए. इंडिगोकडे दोन्ही प्रकारची विमानं आहेत. पुढून पंख्याची पाती मोजा, प्रॅटला २०, लीपला १८. पंख्याचा व्यासही वेगळा, ८१ इंच आणि ७८ इंच. १/१४४ मध्ये हा फरक अर्धा-पाऊण मिलिमीटरच, पण नॅसेलचा, म्हणजे इंजिनाच्या आवरणाचा, एकूण आकार वेगळा दिसतो. म्हणजे आधी नोंदणी क्रमांक ठरवा, मग त्याच विमानाचे फोटो काढा, मग पितळाकडे वळा. व्हीटी-अमुकतमुक लिहिलंय आणि खाली भलतंच इंजिन, असं मॉडेल मला झोपू देत नाही.

मेहरूणकाठ
१३ मे, दुपारी ३.१०

मोजले. ६८ पैकी ३७ खणातले. 🙏

रुळावरचा फिटर
१३ मे, सायंकाळी ६.४०

सराफ भाऊ, मान्य. आज पितळी पट्टीचा तुकडा तापवून पाण्यात टाकून बघितला. मेणासारखा वाकला. ३१ वर्षांत पितळ हातात आलं ते बुश म्हणूनच आणि त्याला ताव द्यायची वेळ आली नाही. चला, शिकलो.

पांझराकाठी (धुळे)
१३ मे, रात्री ९.५५

अमळनेरी दादांनी निम्मं काम हलकं केलं. उरलेल्या ३१ भागांबद्दल माझं मत, आठ-नऊ प्रवासी विमानं झाल्यावरचं.

प्रत्येक भाग लावण्याआधी १४४ ने गुणून बघा. ०.१ मिमीचा पत्रा म्हणजे खऱ्या विमानावर दीड सेंटिमीटर जाडी. फूटभर उंचीच्या पात्यासारख्या अँटेनाला ती शोभते. प्लास्टिकमध्ये तीच अँटेना साच्यातून अर्धा मिमी जाड निघते, म्हणजे खऱ्यावर सात सेंटिमीटरचा पाट. म्हणून अँटेना पितळीच लावा, पैसे तिथे वसूल होतात. पुढची कड कानशीने किंचित गोल करा, मागची धारदार ठेवा.

पण पिटो? पिटो ही नळी आहे. पत्रा सपाट. सपाट पत्र्यातून कापलेला पिटो बाजूने छान दिसतो आणि वरून बघितलं की नाहीसा होतो. तो सेटमधला वापरू नका, तारेचा करा. वायपरही तसेच, पण ते काचेला टेकलेले असतात म्हणून चालून जातात.

पंखाच्या मागच्या कडेला ज्या बारीक काड्या असतात, स्टॅटिक विक, त्या तर सेटवाल्यांनी देऊच नयेत. वीतभरही लांब नसतात, म्हणजे आपल्याकडे मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर. मी केस लावते. थट्टा नाही. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी, गुणिले १४४, एक सेंटिमीटर. आमच्या घरातले सगळ्यात जाड केस माझ्या भावाचे, तो राखीपौर्णिमेला देऊन जातो.

लावायचा क्रम महत्त्वाचा. रंग, डेकल (पाण्याने चिकटवायची नावं-चित्रं), वरचा वॉर्निश, सगळं झाल्यावर अँटेना आणि पिटो. आधी लावले तर डेकल बसवताना मनगटाने मोडतात. शार्कलेटही (पंखांची वर वळलेली टोकं) शेवटीच, ते १७ मिमीचे कान धरायच्या जागी येतात. रंगाआधी फक्त भोकं पाडून ठेवा, ०.३ मिमी. अशी ड्रिल इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात सर्किट बोर्डाची म्हणून मिळते. मोटरला लावू नका, हातानेच फिरवा. नुसती पृष्ठभागावर चिकटवलेली अँटेना पहिल्या धूळ पुसण्यात जाते.

फेव्हिक्विक नळीतून थेट नको. डबीच्या झाकणावर एक थेंब काढा. सुईच्या नेढ्याचं वरचं टोक तोडा, दोन दाती उरतील, त्यात बरोबर हवा तेवढाच थेंब धरतो. आणि काचेच्या भागाजवळ ते अजिबात आणू नका, वाफेने काच पांढरी पडते. कॉकपिटला फेव्हिकॉल. वाळलं की दिसत नाही. खिडक्यांची भोकं मोकळी ठेवणार असाल तर तीही फेव्हिकॉलच्या पडद्याने भरता येतात, दीड बाय सव्वादोन मिमीची खिडकी टाचणीने ओढून सहज भरते.

एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. माझ्या तिसऱ्या विमानावर फेव्हिक्विक सांडलं. कोणीतरी कुठेतरी लिहिलं होतं की नेलपॉलिश रिमूव्हरने निघतं. निघालं. फेव्हिक्विकही आणि खालचं प्लास्टिकही. दाराशेजारी अंगठ्याएवढा खड्डा. ते विमान कपाटात भिंतीकडे तोंड करून उभं आहे.

शिरपूरकर
१४ मे, सकाळी ११.२०

थोडं विषयांतर. खान्देशी माणसं जमून एअरबसच का करतात? जळगावला एअरबस उतरते का? २०१७च्या डिसेंबरात आपली पहिली नियमित सेवा सुरू झाली ती १९ आसनी बीचक्राफ्टची. पुढे एटीआर-७२ आली. मी एटीआर करतोय, १/१४४ मध्ये जेमतेम १९ सेंटिमीटर.

तिच्यावर सुटे भाग कुठले लावावेत?

अमळनेरी
१४ मे, दुपारी १.०५

विषयांतर कसलं, बरं विचारलंत. एटीआरला पितळाआधी काळा रंग लागतो. पंखाच्या, शेपटीच्या पुढच्या कडांना रबरी बूट असतात, बर्फ साचलं की हवेने फुगून ते फोडतात. ही काळी पट्टी लांबून दिसते, अँटेना नाही दिसत. तिची कड सरळ आणि रुंदी बरोबर आली की अर्धं विमान झालं. चकाकी मारू नका, रबर आहे.

मग पंखे. सहा पात्यांचे, जवळपास चार मीटर व्यासाचे, म्हणजे तुमच्याकडे २७ मिमी. किटची पाती सरळ फळीसारखी असतील तर घासून तलवारीसारखी करा. आणि उभी दाखवताना एक गंमत करता येते. एटीआरला छोटं सहायक इंजिन नसतं. उजव्या इंजिनाला पंख्याचा ब्रेक असतो, म्हणजे इंजिन चालू पण पंखा थांबलेला, आणि त्यावर आतली वीज आणि एसी चालतो. याला हॉटेल मोड म्हणतात. प्रवासी डाव्या बाजूच्या मागच्या दाराने चढतात. दार उघडं, पायऱ्या खाली, दोन्ही पंखे स्तब्ध, असं दाखवलंत तर चुकीचं काहीच नाही. पितळ वापरायचं असेल तर त्या पायऱ्यांच्या कठड्याला वापरा, प्लास्टिकमध्ये तो कधीच पातळ निघत नाही.

सराफकट्टा
१४ मे, रात्री १०.४५

पांझराकाठी ताई, केस भारी!

पिटोच्या तारेसाठी मला विचारलं नाही कोणी. आमच्याकडे भोकांच्या पट्टीतून हव्या त्या जाडीची तार ओढता येते. मेहरूणकाठ भाऊ, बाजारात या, वीतभर तांब्याची तार देतो, ०.१५ची.

रुळावरचा फिटर
१४ मे, रात्री ११.०२

तेवढ्यासाठी बाजारात कशाला. एक चौरस मिमीची लवचिक वायर घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानातली. सोला. आत ०.२ मिमीच्या ३२ तारा. एक विमान, ३२ पिटो. ए-३२०ला लागतात किती, अमळनेरी?

अमळनेरी
१४ मे, रात्री ११.२०

तीन. नाकाच्या खाली-बाजूला. जागा फोटोवरूनच घ्या. कोयत्यासारखे वाकलेले, तोंड पुढे. आणि कोणी लाल फडकी लावलेली पिटो-कव्हरं दाखवणार असेल तर इंजिनाच्या तोंडावरही झाकणं दाखवा, चाकांना पिनाही. अर्धवट झाकलेलं विमान बरं नाही दिसत. कव्हर काढायला विसरणं आमच्याकडे फार मोठी चूक आहे. एक इंजिन जरी सुरू झालं तरी पिटो आपोआप तापायला लागतात, आणि वर कव्हर असेल तर ते जळून चिकटतं.

नंदुरबारी मिरची
१५ मे, सकाळी ६.५०

हे सगळं वाचून मी पण किट मागवलं. दोष तुमच्यावर.

मेहरूणकाठ
२३ जून, रात्री ९.३०

झालं एकदाचं. फोटो खाली टाकतोय. पाऊस पडून गेला, कूलर बंद झाला, तेव्हा काम पुढे सरकलं.

लीप इंजिनांचं विमान निवडलं. पाती मोजली, १८ आहेत, शांत झोपा. दारं मिटवली. अमळनेरी दादा म्हणाले तशी फट आलीच, डाव्या बाजूची पुट्टी तीनदा भरली आणि तीनदा घासली, आठ दिवस त्यातच गेले. आता खालून बोट फिरवलं तर कळत नाही. पण ती बाजू टेबलाकडे असल्यामुळे बघणार कोणीच नाही, हे लक्षात आल्यावर जरा हसू आलं.

६८ पैकी लावले किती? अकरा. पाठीवरच्या-पोटाखालच्या अँटेना, दोन वायपर, पोटाखालचे दोन ड्रेन मास्ट (पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या) आणि पुढच्या पायावरचे किरकोळ. हरवलेल्या अँटेनाच्या जागी सेटच्या चौकटीचाच पत्रा कापून घासला. पहिल्या दोन कानशीखाली गेल्या, तिसरी जमली. खरं सांगू, विकतच्यापेक्षा ती जास्त आवडली, कारण पुढची कड मीच गोल केलीय. पिटो फिटर काकांच्या वायरीचे. चिंचेचा कोळ आईनेच करून दिला, कशाला ते विचारलं नाही. विक केसांचे, माझ्याच. तीन गळाले, आणखी गळतील, डोक्यावरच्यांसारखेच.

एक चूक. मेणाच्या काडीने वायपर ठेवला, बसला छान, पण मेणाचा अंश काचेवर राहिला आणि वॉर्निश तिथे धरलं नाही. बारीक डाग आहे. फोटोत मुद्दाम उजेड दुसरीकडून घेतलाय.

सराफकट्टा
२३ जून, रात्री १०.१०

मेण कमी घ्यायचं होतं. मोहरीएवढंही जास्त होतं, खसखशीएवढं. मी सांगायला हवं होतं. बाकी झकास.

पांझराकाठी
२४ जून, सकाळी ८.१५

पाठीवरची पुढची अँटेना किंचित डावीकडे कललीय. वॉर्निश झाल्यावर हात लावू नका. मला दिसली म्हणून सांगितलं, तुम्हाला आता कायम दिसणार, सॉरी.

शिरपूरकर
२४ जून, दुपारी १२.४०

भारी काम शे भो! माझी एटीआर अजून काळ्या पट्टीतच अडकलीय. मास्किंग टेपखालून रंग झिरपतोय.

मेहरूणकाठ
९ मार्च, सायंकाळी ७.२०

जुना धागा वर काढतोय, माफ करा. आज कूलरचं गवत बदललं. जुन्या गवतात, मधल्या पॅडला, पितळी अँटेना सापडली. हिरवी पडलीय.

सराफकट्टा
९ मार्च, सायंकाळी ७.४५

चिंच लावा.